फाळका लागेना
रोज पहाटे चारला उठून पुंजारामने सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये आयुष्यभर लोकांच्या पिकअपवर पत्र्याच्या पेट्या बसवल्या. निवृत्तीनंतर स्वतःच्या जुन्या पिकअपसाठीही एक पेटी बनवली. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोला, नवसाबाईला, तिच्यातून दसऱ्याचा झेंडू पंचवटीच्या बाजारात विकायला न्यायचा होता. पण पेटी गाडीच्या हौद्याबाहेर वीतभर आली आणि मागचा फाळका, हौद्याचं झडपेसारखं दार, लागेना.

"लोकांची मापं बराबर, अन् घरचंच चुकलं!" नवसाबाई हसली.

माप घेताना हौद्यात ठेवायची स्टेपनी काढलेली होती. तिची जागा तो विसरला.

"कापा मग पेटी."

"कापली तर तुझा झेंडू कमी बसंल."

दिवसभर खपून त्याने स्टेपनी हौद्याखाली टांगली. फाळका लागला. त्याच्या आयुष्यभराच्या मजुरीच्या पैशांतून घेतलेल्या त्या गाडीत सकाळी नवसाबाई पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसून बाजाराला निघाली.