रोहिणीचा चेंडू आणि माझी कपड्यांची दोरी

एप्रिलमधल्या एका रविवारी आमच्या स्वयंपाकघरात तीन पुरुष बसून एका बाईच्या उजव्या हाताबद्दल वाद घालत होते. जिचा हात, ती माझ्या शेजारी उभी राहून पोह्यांवर कोथिंबीर पेरत होती.

ॲथलोन या आयरिश गावात माझ्या आणि तिच्या नवऱ्याच्या कंपनीतल्या लोकांची सॉफ्टबॉलची टीम आहे. पाच बायका, पाच पुरुष, एकत्र खेळतात. माझा नवरा रविकांत तिचा मॅनेजर, आणि मला खेळता येत नाही म्हणून मी स्कोअर लिहिते. गेल्या वर्षी सहा टीममध्ये आम्ही पाचवे आलो. त्यात यंदा आमचा पिचर, म्हणजे समोरच्याला चेंडू टाकणारा डेक्लन, लग्न करून स्लायगोला गेला. सीझन तीन आठवड्यांवर आणि चेंडू टाकायला माणूस नाही.

"बॅटिंगचं टेन्शनच नाही, रवीदादा," नितेश म्हणाला. नितेश आमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहून चेंडू अडवणारा; नाशिकचा, तिशीतला, बोलायला पक्का. "मारतो आपण. वरच्या दोघांत येऊ शकतो. पण पिचिंग? मागच्या वर्षी आपण चुकीचे चेंडू टाकून समोरच्यांना फुकटचे बेस वाटलेत. सत्यनारायणाच्या प्रसादासारखे."

"म्हणूनच रोहिणी म्हणतोय ना मी," रविकांत म्हणाला. "तीन नॅशनल खेळलेली पोरगी घरात असताना बाहेर कशाला शोधायचं?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे."

रोहिणी जळगावची. तिकडे शाळाशाळांतून मुली सॉफ्टबॉल खेळतात, आणि ही सोळाव्या वर्षापासून महाराष्ट्राकडून चेंडू टाकत होती. लग्नाच्या बायोडेटात तिच्या आईने त्या तीन राष्ट्रीय स्पर्धा 'आवडीनिवडी'च्या रकान्यात बसवल्या होत्या, रांगोळी आणि वाचन यांच्यामध्ये. तिच्या नवऱ्याने, हर्षवर्धनने, तो रकाना वाचला होता की नाही, हे तिला आजवर कळलेलं नव्हतं. तिला खेळताना त्याने कधीच पाहिलेलं नव्हतं. इथे आल्यावर सात वर्षं तिने मुलगा वाढवला, व्हिसाची कागदपत्रं सांभाळली आणि दिवाळीला लोकांना चकल्या करून दिल्या.

अडचण अशी होती की तिचा खेळ वेगळा. जळगावात हात पूर्ण गोल फिरवून चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा सरळ सोडायचा. इथल्या लीगमध्ये चेंडू हळूच, वर उडवून टाकायचा. माणसाच्या डोक्यावरून, म्हणजे सहा फुटांच्या वरून तो गेला पाहिजे आणि मग पिकल्या फळासारखा बॅटसमोर पडला पाहिजे. सरळ आणि जोरात गेला की पंच डावा हात आडवा पसरून 'इल्लीगल' म्हणतात. इथे कुणी हेल्मेट घालत नाही. कंपनीतल्या साठीच्या बायकासुद्धा बॅट घेऊन उभ्या राहतात.

आणि त्यात रविकांतने घोळ घातलेला. लीगच्या फॉर्मवर 'अनुभव' असा साधा प्रश्न होता. लोक तिथे 'थोडाफार' असं लिहितात. माझ्या नवऱ्याने मुलीसाठी स्थळ बघायला बसल्यासारखी सगळी माहिती भरली. तीन नॅशनल, वेगवान पिचिंग, एका मॅचमध्ये चौदा जणी बाद. वर तिचा जुना फोटोही जोडला, हात हवेत, चेहरा महिषासुरमर्दिनीसारखा.

लीगच्या मुख्य पंचांचा, पॅट यांचा, दुसऱ्या दिवशी फोन आला. पोस्टातून रिटायर झालेले, बोलायला अगदी मऊ. ते म्हणाले, बाई मोठ्या खेळाडू दिसतात, आनंद आहे. पण मला माझी माणसं धडधाकट घरी पाठवायची असतात. दोन आठवड्यांनी शनिवारी तुमची सरावाची मॅच आहे, तिथे मी स्वतः उभा राहीन. एका इनिंगमध्ये तीन चेंडू सरळ आले, तर या सीझनला त्यांना पिचिंग नाही. दुसऱ्या कुठल्याही जागी खुशाल खेळू देत.

"एवढी रिस्क कशाला?" नितेशने चमचा खाली ठेवला. "वहिनी, राग मानू नका. तुमचा हात भारी आहे, पण तो या खेळाचा नाही. सीझनमध्ये एखाद्या दिवशी चुकून जोरात गेला आणि कुणाचा दात पडला, तर कंपनी टीमच बंद करेल. मी टाकतो. माझा बोअरिंग जातो, पण वरून जातो."

खरं सांगायचं तर तो चुकीचं बोलत नव्हता. त्यामुळेच ते ऐकायला जास्त वाईट वाटत होतं.

"हर्ष, तुला काय वाटतं?" रोहिणीने विचारलं.

हर्षवर्धन टीमचा कॅचर. तिने टाकायचं तर त्यालाच झेलायचं. त्याने पोह्यांतले शेंगदाणे एका बाजूला केले. "माझं काय. तुम्ही सगळे ठरवाल ते."

रोहिणीने कोथिंबिरीची वाटी ओट्यावर ठेवली आणि ती मागच्या दाराने बाहेर गेली. मी प्रेसमधून साखरेचा डबा काढायच्या निमित्ताने जरा थांबले, आणि मग तिच्यामागे गेले. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, मलाही आता दुसरा शब्द चटकन सुचत नाही.

ती पायरीवर बसली होती. "ताई, या गावात मी हर्षवर्धनची मिसेस आहे. आरवची मम्मी आहे. दवाखान्यात, शाळेत, सगळीकडे. मला ती पिचरची, मधली जागा पाहिजे. लांब उभं करून टीममध्ये घेतलं म्हणून मी खूश होणार नाही. मधली पाहिजे."

"मग मिळव," मी म्हटलं. "तेरा दिवस आहेत."

समोर माझी कपड्यांची दोरी होती, तिच्यावर चादरी वाळत. मधोमध काठीचा टेकू दिलेली, इथल्या सगळ्या परसांत असते तशी. मी रविकांतची टेप आणून ती मोजली. पाच फूट दहा इंच. काठी जरा सरळ केली, सहा झाली. पलीकडे कुंपणापाशी धुण्याचं बास्केट ठेवलं. रोहिणी घराच्या बाजूच्या बोळात, कचऱ्याच्या डब्यांना चिकटून उभी राहिली, तेव्हा कुठे मैदानावरचं पन्नास फुटांचं अंतर भरलं.

"दोरीवरून आणि बास्केटात," मी सांगितलं. "चादरीला लागला तर चादर तू धुवायचीस."

पहिल्या दिवशी तिने तीन चादरी धुतल्या. चेंडू दोरीखालून सूं करत जायचा आणि कुंपणाची फळी धडाड वाजायची. शेजारच्या मॉरीनबाई डोकावल्या, त्यांनी चेंडू पाहिला, रोहिणीला पाहिलं, 'ग्रँड', म्हणजे छान छान, म्हणाल्या आणि आपली मांजर उचलून आत घेऊन गेल्या.

"हात ऐकत नाही, ताई. वरती नेते, तरी मांडीपाशी आला की आपोआप सुटतो."

मी रोज दुपारी कपड्यांच्या घड्या घालत बसायची आणि तिचं टाकणं बघायची. मला त्यातलं तंत्र कळत नाही. पण माणसाचा चेहरा कळतो. पाचव्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. रोहिणी बोलत असली की चेंडू दोरीवरून जायचा. ती गप्प झाली, ओठ मिटले, की खालून.

आणि बोलायला तिच्याकडे एक विषय कायमचा तयार असतो. वांगी. जळगावची भरताची वांगी हिरवी, मोठी, पोटात बिया कमी. इथे मिळतात ती जांभळी, लांबडी, आणि तिच्या मते नुसती दिखाऊ.

"भाजली की पाणी सोडतात मेली," ती म्हणायची आणि चेंडू अलगद वर. "आणि वास? वास कुठाय?" चेंडू बास्केटात.

मी तिला हे सांगितलं नाही. चालणाऱ्याला 'तू कुठला पाय आधी टाकतोस' विचारलं की तो अडखळतो, तसं व्हायला नको म्हणून. बाराव्या दिवशी तिने वीसपैकी सतरा बास्केटात टाकले.

शनिवारी सकाळी भुरभुर होती, दुपारी थांबली. समोरची टीम गावातल्याच एका पबची. पॅट फलंदाजाच्या मागे उभे, टोपी कपाळावर ओढलेली. रविकांतच्या हातात लीगला द्यायची यादी. संध्याकाळपर्यंत ती जायची होती. सगळ्या जागांपुढे नावं लिहिलेली होती, फक्त पिचरची ओळ कोरी. मी बाकावर स्कोअरची वही घेऊन बसले. पानाच्या कडेला मी एक छोटा चौकोन काढला होता, इल्लीगलसाठी.

पहिल्या पाच इनिंगमध्ये चौकोनात दोनच रेघा पडल्या, त्याही वेगवेगळ्या इनिंगमधल्या. लोक तिला मारत होते, आमचे लोक झेलत होते, खेळ असाच असतो. सहाव्यात नितेश म्हणाला, "वहिनी, मस्त चाललंय, फक्त टेन्शन घेऊ नका हं." झालं. जिला नव्हतं तिला आलं.

सातवी, शेवटची इनिंग. आमच्या धावा अकरा, त्यांच्या दहा. त्यांचे दोन बाद, दोन धावणारे बेसवर. बॅट घेऊन आला तो पबचा मालक, दारात उभा राहिला तर प्रकाश अडेल असा.

रोहिणीने पहिला टाकला. सरळ. पॅट यांचा डावा हात आडवा झाला.

"काही हरकत नाही!" रविकांत ओरडला. त्याचा आवाज चिरका झाला होता.

तिने पायाखालची माती चाचपली. ओठ मिटलेले मला पन्नास पावलांवरून दिसत होते. दुसरा त्याहून सरळ. मालक मागे सरकला. हर्षवर्धनच्या ग्लव्हमध्ये फट्ट आवाज झाला आणि त्याने हात झटकला. पॅट यांचा हात पुन्हा आडवा.

आता एकच उरला होता. नितेश आपल्या जागेवरून दोन पावलं तिच्याकडे आला. मग परत गेला. हर्षवर्धनने चेंडू तिच्याकडे परत फेकला नाही, स्वतः चालत नेऊन दिला. बोलायला हवं होतं, पण त्याला ते जमत नाही. ती चेंडू बोटांत फिरवत राहिली. चेहरा फॉर्मवरच्या फोटोसारखा झाला होता, आणि तो चेहरा मला आज नको होता.

मी बाकावरून उठून, वही छातीशी धरून, भर मैदानात ओरडले, "रोहिणी! आज संध्याकाळच्या भरताला वांगी कुठली आणलीस गं?"

सगळं मैदान माझ्याकडे वळलं. पबचा मालकसुद्धा.

"काय?" रोहिणी म्हणाली.

"वांगी! कुठली आणलीस?"

"कुठली म्हणजे? तीच लांबडी!" तिचा हात मागे गेला. "दुसरी मिळतात का या देशात?" हात पुढे आला आणि वर, वरच जात राहिला. "नुसतं पाणी भरलेलं असतं भो त्यांच्यात!"

चेंडू उंच गेला. माझी दोरी तिथे नव्हती, पण मला ती दिसली, आणि चेंडू तिच्यावरून हातभर अंतर ठेवून गेला. मालकाने बॅट फिरवली. चेंडू सरळ आभाळात उडाला आणि बरोबर नितेशच्या डोक्यावर खाली येऊ लागला. तो झेल आरवनेही घेतला असता.

नितेशच्या ग्लव्हला लागून चेंडू गवतात पडला. दोघेही धावणारे शेवटच्या, घरच्या बेसवर पोचले. आम्ही हरलो, अकरा-बारा.

कुणाचंच त्याकडे लक्ष नव्हतं. सगळे पॅट यांच्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा पुसला.

"या इनिंगमध्ये दोन," ते म्हणाले. "मी दोन मोजले. तुमच्या वहीत काय आहे, मॅडम?"

"दोनच," मी म्हटलं.

"मग ठीक आहे." त्यांनी रविकांतच्या यादीकडे बोट केलं. "आणि त्या बाईंना वांग्यांबद्दल बोलू देत जा."

त्यांना ते मराठीतलं कुणी सांगितलं, देव जाणे. रविकांतने गुडघ्यावर कागद धरून कोऱ्या ओळीत नाव लिहिलं. नितेश मान खाली घालून आला. "वहिनी, सॉरी. तेरा दिवस तुमच्या हाताची काळजी केली, माझ्याच हाताची करायला पाहिजे होती."

"तू शॉर्टस्टॉपला आहेस ना अजून?" रोहिणी म्हणाली. "का रवीदादा, त्या जागेवर पण एकदा चर्चा करायची, पोहे खात?"

तो हसला, तेव्हा कुठे तीही हसली.

लोक बॅटा आवरू लागले. मी वही पिशवीत टाकली आणि पाहिलं, तर रोहिणी अजून मैदानाच्या मधोमध उभी. समोर बॅट घेतलेलं कुणी नाही, नुसती त्या जागेमागची जाळी. हर्षवर्धन ग्लव्ह काढता काढता थांबला होता.

"हर्ष, बाजूला हो."

"मी झेलतो ना."

"नको. नुसता बघ."

तो बाजूला झाला. तिने हात वर नेला, पूर्ण गोल फिरवला, आणि सोडला. चेंडू मला दिसलाच नाही. जाळीचा आवाज तेवढा ऐकू आला, आणि लोखंडी खांब थरथरत राहिला. गाडीत सामान ठेवणारे पबवाले वळून बघायला लागले. हर्षवर्धन जाळीपाशी गेला. चेंडू तारांत अडकून बसला होता. त्याने तो अंगठ्याने ढकलून काढला, हातात धरून बघितला, तिच्याकडे बघितलं.

"हे असं?" तो म्हणाला. "तेव्हा हे असं होतं?"

तिने मान डोलावली.

पॅट बेस गोळा करत होते. ते वाकलेलेच राहिले, वर न बघता म्हणाले, "मी काही पाहिलं नाही. मॅच संपली आहे, माझं लक्ष नव्हतं." मग बेस खाली ठेवून सरळ उभे राहिले आणि त्यांनी टोपी मागे सरकवली. "त्यामुळे पुन्हा एकदा टाकावा लागेल."

हर्षवर्धनने चेंडू तिला नेऊन दिला.