जाकिटाला कात्री लावली नाही

आमची ही कपडे दुरुस्त करते आणि मी इस्त्री करतो. दुकान एवढंसं, की तिनं मशीनवर कोपर पसरलं की माझ्या टेबलावरचा शर्ट चुरगळतो. ही विचारायला लागली की समोरच्याची सुटका नाही. गिऱ्हाईक पँट आखूड करायला येतं आणि लग्न कसं मोडलं ते सांगून जातं. मी म्हणतो, तुझ्या जिभेला हाड नाही. ती म्हणते, तुमच्या इस्त्रीला तरी कुठं डोकं आहे. असा आमचा संसार.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते. लहानपणी आमच्याकडं येऊन खाली सांडलेली बटणं वेचायची, म्हणून हिनं तिचं नाव बटण ठेवलं. आता ती सोळा वर्षांची आहे. आई बेकरीत कामाला जाते. धाकट्या बहिणीशी बटणचं कपड्यांवरून रोज वाजायचं. तिचं एक पिवळं जाकीट होतं. त्याच्या खिशासाठी तिनं हिचं डोकं खाल्लं होतं; वर घ्या, खाली घ्या, झाकण लावा. धाकटीनं ते एकदा अंगात घातलं तर बटणनं घर डोक्यावर घेतलं होतं.

तर ही बटण एका दुपारी मोठं गाठोडं घेऊन आली. मापाला धाकटीचा फ्रॉक आणला होता.

"काकू, हे सगळं तिच्या मापाचं करून द्या."

गाठोड्यात तिचे सगळे चांगले कपडे होते आणि सगळ्यात वर पिवळं जाकीट.

"शहाणी झालीस गं," मी म्हटलं. मला खरंच बरं वाटलं. कित्येक महिने पोरगी तोंड पाडून फिरत होती, धड जेवत नव्हती, मैत्रिणींनी तिला टाकलं होतं. या आठवड्यात मात्र शांत होती, हसत होती. सुटले बाई एकदाची, असं तिची आई आदल्याच दिवशी म्हणाली होती.

हिनं जाकिटावर खडूनं खूण केली, कात्री घेतली आणि थांबली.

"आणि तू काय घालणार?"

"मला नाही लागणार."

"नवीन घेणार आहेस?"

"नाही."

"कुठं जाणार आहेस?"

बटणनं मापाच्या फ्रॉकची घडी मोडून पुन्हा घातली. माझ्या डोक्यात काही शिरेना. हॉस्टेलला चालली असेल, फॅशन बदलली असेल, आजकालच्या पोरांचं काय सांगावं. अगं काप ना, किती त्या चौकशा, असं मी म्हणणारच होतो.

हिनं कात्री खाली ठेवली. "बटण, जीव द्यायचा विचार करतेयस का?"

असलं कुणी विचारतं का, तेही लेकराला? नसलेलं तिच्या डोक्यात भरवायचं? डोकं फिरलंय का तुझं, हे शब्द ओठांवर आले होते, तेवढ्यात बटणनं मान हलवली. हो म्हणून. आणि रडायला लागली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला नाही कळलं गं. म्हणून तर विचारलं."

हिनं शटर अर्धं ओढलं आणि तिला जवळ बसवलं. "हिच्या आईला घेऊन या," मला म्हणाली. "तोवर मी हिला सोडत नाही."

मी चपला उलट्या घालून धावलो. परत येऊन बघतो तर इस्त्रीनं कुणाचा तरी शर्ट जाळला होता. आई पिठाच्या हातांनीच आली. "पण आता तर बरी होती हो," एवढंच म्हणत राहिली. तिघी तशाच दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तिला एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा, असं सांगितलं आणि दर आठवड्याला बोलवायला लागल्या.

मी हिच्यामागं लागलो. का पण? मैत्रिणी? मार्क? झोप उडाली होती, ते? मागच्या वर्षी तिच्या मामानं तेच केलं आणि घरात त्याचं नावसुद्धा निघत नाही, ते? ही म्हणाली, डॉक्टरीणबाई म्हणतात की एकच कारण नसतं, बरंच काही साठत जातं. आणि अचानक शांत होणं, आवडीच्या वस्तू देऊन टाकणं, याकडंही लक्ष द्यायचं असतं. मी चक्रावलो. रडली तर काळजी, हसली तरी काळजी, मग माणसानं समजायचं तरी काय?

"मलाही नाही समजत," ही म्हणाली. "मी आपली विचारते."

गाठोडं आमच्या फळीवरच राहिलं. धाकटी मागायला आली तर हिनं मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं, आणि त्याच मशीनवर उशीचा अभ्रा शिवत राहिली. बटण येता-जाता फळीकडं बघायची. परत द्या म्हणत नव्हती आणि कापा असंही म्हणत नव्हती. कधी हसून हात करायची, कधी खाली मान घालून निघून जायची, आणि मला पुन्हा काही कळेनासं व्हायचं.

थंडी सुरू झाली. एका सकाळी ती आत आली, स्वतःच गाठोडं सोडलं आणि जाकीट अंगात घातलं. चेन लागेना.

"काकू, काखेत घट्ट होतंय. सैल करून द्याल?"

"कुणाच्या मापानं?"

"माझ्याच."

हिनं गळ्यातली टेप काढली, तिच्या पाठीवर खांद्यापासून खांद्यापर्यंत धरली आणि आकडा वाचायला मला हाक मारली. हिला म्हणे दिसत नव्हतं. मी चष्मा पुसून वाकलो, तर मलाही दिसेना.