आमच्या बांधीतलं भोक

माझ्या नवऱ्यानं तलावाच्या वरच्या अंगाची आमची धानाची बांधी गॅसच्या कंपनीला दिली, हे मला तेंदूपत्ता गोळा करतात त्या फळीवर कळलं. पानांची पुडकी उन्हात मांडून मी सावलीला टेकले होते. शेजारची बाई म्हणाली, "तुमच्या बांधीत मशीन येऊन राह्यली म्हनते." कुठली मशीन, असं मी विचारलं, तर तिनं मान खाली घातली. तेव्हाच समजलं, अख्ख्या गावाला ठाऊक आहे, मलाच नाही.

घरी आले. नवरा खाटेवर बसून पायातला काटा काढत होता.

"विकली नाई," तो मान वर न करता म्हणाला. "भाड्यानं देल्ली. तिथी डुकरं धान ठेवत नाई, वाघाच्या भेवानं जागलीले जाता येत नाई. पडीतच हाय ते. मले चौकीदार ठेवून राह्यले. आता मिरची तोडाले जा लागत नाई."

"मले विचारलं काऊन नाई?"

"विचारलं असतं त तू नाई म्हटली असती."

तसं मी म्हटलंच असतं. पण मिरचीचं तो म्हणाला, ते खरं होतं. धान निघालं की दर हिवाळ्यात तो तेलंगणात मिरची तोडायला जायचा. परत यायचा तेव्हा बोटांची अशी आग होत असायची, की भाताचा घास हातानं घेता यायचा नाही. मी चमचा द्यायची. सासू लकव्यानं खाटेवर पडलेली. घरातला माणूस घरात राहील, एवढंच त्यानं पाहिलं होतं.

ग्रामसभेला कंपनीचा साहेब आला. पोरसवदा होता, नीट समजावून सांगत होता. खोल खाली काळ्या दगडाचा थर आहे, त्यात गॅस अडकलेला आहे, तो मोकळा करायला वरून जोरानं पाणी, वाळू आणि औषध सोडून दगड फोडायचा. आता फक्त चाचणीचं एक भोक पाडणार. पाणी तलावाचं घेणार. वापरून वर आलेलं खराब पाणी बांधीतच खड्डा करून, प्लास्टिक अंथरून साठवणार.

गावाला लागून गोंडांचा टोला, म्हणजे वस्ती; तिथली एक बाई उठली. गावात काही नडलं, की आधी हीच उठायची. तिनं विचारलं, "धानाच्या रोवण्यात पावसानं खड्डा भरला त?"

"भरणार नाही. तशी सोय केलेली असते."

"आमचा पाऊस पायला हाय काय तुमी?"

लोक हसले. साहेबही हसला. सभेनं हात वर करून नाही म्हटलं. पण बांधी आमची होती, कागदावर सही झालेली होती, आणि आठवड्याभरात पोलिसांच्या गाडीमागून मशीन आली.

त्या संध्याकाळी चावडीवर ठराव झाला. आमच्या घराशी बोलायचं नाही, आमच्या घरी कामाला यायचं नाही, आम्हाला विहिरीवर येऊ द्यायचं नाही. सकाळी मी पाण्याचा पितळी गुंड घेऊन विहिरीवर गेले, तर बायांनी दोर काढून घेतला. कुणी शिवी दिली नाही. ज्यांच्यासोबत मी इतकी वर्षं रोवणे केले, त्याच होत्या. मला राग आला. पण त्यांचं काय चुकलं, हे मला सांगता येईना. जंगलातलं सगळं पाणी आमच्या बांधीवरून तलावात उतरतं, आणि विहिरीचे झरे तलावाचेच आहेत.

मग मी नाल्यावर जाऊ लागले. उन्हाळ्यात तिथं नुसती रेती. रेतीत झिरा उकरायचा, पाणी साचेपर्यंत बसायचं, वाटीनं गुंड भरायचा. वाघाची भीती, म्हणून ऊन चढल्यावरच जायची. सासूचं अंग पुसायला, कपडे धुवायला दोन खेपा लागायच्या. सासूला बोलता येत नव्हतं. पण गढूळ पाणी पाहून ती माझ्याकडे विचारल्यासारखी बघायची. मी सांगायची, विहीर आटली.

गावातल्या बाया तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, रस्ता अडवून बसल्या होत्या, तलावाचं पाणी न्यायला कंपनीचे टँकर जाऊ नयेत म्हणून. एके दिवशी नाल्यावरून येताना मी गुंड खाली ठेवला आणि त्यांच्या शेवटाला जाऊन बसले.

"तुहा नवरा तिकडं उभा, आन् तू इथी काऊन?" एकीनं विचारलं.

"पानी माह्यं बी हाय."

"मंग त्याले सांग."

"सांगतलं. आयकत नाई."

कुणी मला उठवलं नाही. पण माझ्यात आणि त्यांच्यात दोन माणसांची जागा मोकळी राहिली, ती तशीच राहिली. समोर आमच्या बांधीला घातलेल्या तारेच्या कुंपणापलीकडे निळा शर्ट घालून, काठी घेऊन नवरा उभा असायचा. मी त्याला दिसायची. घरी मी त्याला वाढायची, तो जेवायचा, आणि पाळीचं नाव कुणी काढायचं नाही. एकदाच तो म्हणाला, "साहेब म्हने, बायकोले उठव, नाई त दुसरा चौकीदार पाहू."

"मंग?"

"मंग काई नाई. तू जेव."

एका सकाळी पोलिसांनी आम्हाला उचललं. मारलं नाही; गाडीत भरून मूल शहरातल्या ठाण्यात नेलं आणि दिवसभर बसवून ठेवलं. गाडीत इतकी दाटी, की सोडलेली जागा राहिलीच नाही. टोल्यावरच्या बाईचं कोपर माझ्या कुशीत रुतत होतं. वाटेत ती हलक्या आवाजात म्हणाली, "सासूजवळ कोन हाय?" एवढ्या दिवसांत माझ्या घराविषयी कुणी आपुलकीनं विचारलेली ती पहिली गोष्ट. कुणी नाही, असं मी सांगितलं. परतलो तेव्हा टँकर पाळ ओलांडून गेलेले होते आणि मशीन सुरू झालेली होती. जमीन पायाखाली थरथरायची. सासूच्या खाटेखालचा तांब्या वाजायचा.

पावसाळा लागला आणि सासू गेली. दारात आम्ही दोघंच. नवऱ्यानं चार घरी जाऊन सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, कुणी आलं नाही. आंघोळ घालायला पाणी नव्हतं. नाल्याला पूर आला होता, झिरा वाहून गेला होता. मी अंगणात भांडी लावून पागोळ्यांचं पाणी धरत होते. तेवढ्यात टोल्यावरची बाई विहिरीचे दोन गुंड घेऊन आली. मागं आणखी दोघी होत्या. चावडीवरून कुणी तरी म्हणालं, "ठराव हाय बाई गावाचा."

"ठराव जित्याचा हाय," ती म्हणाली आणि आत आली.

तिनंच सासूचे केस धुतले. ते पाहून मग खांदा द्यायला माणसं आली. माती झाल्यावर हात धुऊन, न बोलता आपापल्या घरी गेली.

त्यानंतर रोवण्याच्या ऐन भरात मोठा पाऊस झाला, आणि बांधीतल्या खराब पाण्याच्या खड्ड्याची तलावाकडची कड फुटली. ते पहिल्यांदा नवऱ्यानं पाहिलं. काठी टाकून तो पाळीवरून धावत आला आणि खालच्या बांध्यांमधल्या बायांना ओरडून सांगू लागला, "पान्यातून निघा. तलावाच्या पान्यातून निघा." त्याच्याशी बोलायचं नव्हतं, म्हणून बऱ्याच जणी ऐकू न आल्यासारख्या वाकूनच राहिल्या. मी होते त्यांच्यात; रोवण्याला हात कमी पडत होते, म्हणून न बोलता मला घेतलं होतं. मी ओरडले तेव्हा निघाल्या, तोवर उशीर झाला होता. पांढरट, रॉकेलसारख्या वासाचं पाणी पाटानं उतरलं होतं. पिंढऱ्यांवर फोड आले, ते महिनाभर चिघळले.

मासे पोट वर करून तरंगू लागले. तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं चालायची. ती माणसं पाळीवर नुसती उभी होती. कुत्र्यांनी खाऊ नयेत, म्हणून नवरा एकटाच टोपलीनं मासे काढत राहिला आणि खड्डा करून पुरत राहिला. संध्याकाळी त्याचे हात सुजले होते. मी पुन्हा चमचा काढला.

तालुक्याहून माणसं आली, बाटल्या भरून घेऊन गेली. त्या पाण्यात काय निघालं, ते आम्हाला कुणी कळवलं नाही. धान कापणीच्या सुमारास कंपनीनं भोकात सिमेंट भरलं, वर लोखंडी खांब रोवला आणि मशीन नेली. दगडात पुरेसा गॅस नव्हता म्हणून, की आमच्यामुळे, हे आजही नक्की सांगता येत नाही. दुसरं भोक पाडलं नाही, एवढं खरं. गावातली पोरं म्हणाली, आपण जिंकलो. विहिरीवर जायला आता मला कुणाची मनाई नाही. पण त्या पाण्यानं डाळ शिजत नाही आणि ढोरं हुंगून तोंड फिरवतात. प्यायला टँकर येतो. टँकरभोवती सगळी घरं सारखीच उभी असतात.

नवरा त्या हिवाळ्यात मिरचीला गेला आणि होळीला परतला नाही. तिकडेच मिरचीच्या गोदामात कामाला राहिला. फोन करतो. "पानी आलं काय?" विचारतो. टँकर येतो, म्हणून मी सांगते. ये, असं मी म्हणत नाही; येतो, असं तोही म्हणत नाही.

मागच्या महिन्यात आरमोरीकडच्या एका गावात तशाच गॅस कंपनीच्या गाड्या फिरू लागल्या. तिथल्या बायांनी आम्हाला बोलावलं. टोल्यावरची बाई आणि मी बसनं गेलो. समाजमंदिरात सतरंजी टाकली होती. झालं ते सगळं आम्ही सांगितलं. ऐकून झाल्यावर एकीनं विचारलं, "कोनाची होती ते बांधी?"

टोल्यावरची बाई माझ्याकडे न बघता पदर नीट करू लागली. ती काही सांगणार नव्हती.

"आमची," मी म्हटलं. "माह्या घरच्यानं देल्ली."

मग मागून एक तरुण बाई म्हणाली, "आमच्या घरी बी कागद आला हाय. सही नाई केली आजून."

"चाल मंग," मी म्हटलं. "आमी येतो तुह्या घरी."

तिचा नवरा गोठ्यात वैरण टाकत होता. आम्हाला बघून त्यानं हात झटकले, अंगणात खाट टाकली, बसा म्हणाला. आम्ही कशाला आलो, हे त्याला कळलं होतं. तो पुन्हा गोठ्यात गेला आणि तिथंच रेंगाळत राहिला. शेवटची बस निघून गेली, तरी त्याची वाट पाहत आम्ही अंगणातच बसून होतो.