गोजरबाईंच्या वाटणीचे देश

पिंपळगाव राजा इथल्या चर्चच्या भगिनी मंडळात प्रार्थनेचे विषय फार पूर्वीच वाटून झाले होते. आजारी माणसं पुष्पाबाईंकडे, परीक्षेला बसलेली मुलं पाळकीणबाईंकडे, म्हणजे धर्मगुरूंच्या पत्नीकडे. जगातली राष्ट्रं आणि त्यांचे अधिकारी हा विषय कुणालाच नको होता, म्हणून तो गोजरबाई तायडे यांच्या वाट्याला आला. त्या तेव्हा वसतिगृहात पोळ्या लाटत आणि लाटता लाटता रेडिओवरच्या बातम्या ऐकत. एवढी पात्रता मंडळाला पुरली.

गोजरबाईंनी मात्र हे काम घरच्या कामासारखं अंगावर घेतलं. कुठे भूकंप झाला, कुठलं सरकार पडलं, सगळं बुधवारच्या प्रार्थनेत यायचं. नावं जिभेवर नीट बसत नसत, तरी त्या एकही गाळत नसत. चहा गार व्हायला लागला की पुष्पाबाई म्हणायच्या, दोन-चार देश पुढच्या बुधवारी घ्या. गोजरबाई ऐकत नसत. पंगतीतून कुणाला उठवतात का, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या राज्यांचा धनी देव आहे, ही गोष्ट त्यांना चूल पेटवण्याइतकी साधी वाटायची.

साधी वाटायची ती दीपक इस्रायलला जाईपर्यंत. हा त्यांचा धाकटा. एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची सेवा करायला गेला होता. आणि शेजारच्या बिलकिसचा मतीन इराणच्या एका बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करत होता. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. पोरं तिच्यावर बसूनच मोठी झाली होती.

त्या दोन देशांत युद्ध पेटलं. दीपकचा फोन यायचा, तळघरातून, मागे भोंग्याचा आवाज. मतीनचा फोन बंदच पडला. पहिल्या दिवशी दोघी भिंतीशी उभ्या राहून रडल्या. मग एकमेकींची बातमी विचारणं अवघड होत गेलं. एकीच्या मुलाच्या डोक्यावर पडतं ते दुसरीच्या मुलाच्या देशातून आलेलं असतं, हे दोघींनाही कळत होतं. बिलकिस सकाळी अंगण झाडायची तेव्हा गोजरबाई मुद्दाम आत थांबायच्या.

त्यातच बुधवारची पाळी त्यांच्या घरची आली. अंगणात सतरंजी पडली. पाळकीणबाई म्हणाल्या की आज दीपकसाठी विशेष प्रार्थना करू. गोजरबाई उभ्या राहिल्या. नेहमीप्रमाणे चर्चमधल्या छापील मराठीत सुरुवात केली, "हे स्वर्गीय बापा, राष्ट्रांच्या राजा." पुढे मात्र एकाच देशाचं नाव आलं. त्याला जय दे, त्याच्या शत्रूंचे हात मोडून टाक, त्यांची शहरं धुळीला मिळव. बायकांनी मोठ्यानं आमेन म्हटलं.

मग चहा झाला. त्या घरची रीतच होती की पहिला कप भिंतीपलीकडे जायचा. गोजरबाईंनी कप-बशी उचलली, दोन बिस्किटं ठेवली, आणि भिंतीजवळ पोचून थबकल्या. पलीकडे बिलकिस तांदूळ निवडत बसली होती. मान खाली. इतक्या जवळून तिनं सगळं ऐकलं असणार. आपण जी शहरं धुळीला मिळवायला सांगितली, त्यांतल्याच एकात मतीन होता. लहानपणी गोवर आला तेव्हा त्याला याच अंगणातल्या बाजेवर निजवलं होतं.

कप भिंतीवर ठेवून त्या परत फिरल्या. बायकांच्या तोंडात बिस्किटं होती.

"बसा अजून जराक," त्या म्हणाल्या. "मी मघाची प्रार्थना वापस घेतो."

पुष्पाबाईंनी विचारलं, अशी वापस घेता येते का. पाळकीणबाईंनी बशी खाली ठेवली. गोजरबाईंनी डोळे मिटले. या वेळी छापील मराठी तोंडात येईना.

"देवा, मी वाटणी कराले बसलो होतो. दोनी देश तुहेच हायेत. तिथले राजे तुले मानो ना मानो, त्यायच्या वरता तूच. दीपकले सांभाळ, मतीनले सांभाळ. त्या म्हाताऱ्यालेबी सांभाळ. कसं करायचं ते तुले समजते, मले नाही."

आमेन म्हणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

भिंतीपाशी चहा गारच झाला होता. गोजरबाईंनी बिलकिसला दोन्ही प्रार्थना सरळ सांगितल्या, जसं काही तिनं ऐकलंच नव्हतं. बिलकिसनं तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मंग बाई, तुमच्या देवानं कोणती धरली? पह्यली का दुसरी?"

"पह्यली आयकून तो म्हने, हे बाई भेवली हाये, आता थांबन आन दुसरी सांगन."

बिलकिसच्या तोंडावर हसू आलं, लगेच गेलंही. पण तिनं बिस्किट चहात बुडवलं. युद्ध लागल्यापासून तिला धड काही खाववत नव्हतं.

पुढच्या बुधवारच्या आत मतीनचा कुठल्याशा दुसऱ्याच्या फोनवरून निरोप आला, जिवंत आहे, जेवण मिळतं. दीपक अजून तळघरातच झोपत होता. युद्ध थांबलं नव्हतं. त्या बुधवारची पाळीही गोजरबाईंनी आपल्याच घरी मागून घेतली. गोजरबाई पुष्पाबाईंच्या कुरकुरीकडे लक्ष न देता सगळे देश ओळीनं घेत होत्या. हे दोन तर सगळ्यांत आधी, शेजारी शेजारी. शेवटी आमेन म्हणणार तोच भिंतीवरून आवाज आला.

"बाई, सुदान राह्यलं."

गोजरबाईंनी मिटलेले डोळे उघडले नाहीत. सुदानचं नाव घेतलं, आणि मग आमेन म्हटलं.