आखणीवालीचा सोमवारचा शब्द

गणपतीचा हात माझ्या हातात होता. नुसता हात. उजवा, आशीर्वादाचा, मनगटापासून तुटलेला. माझ्या कडेवर पोर, एका हातात फोन, दुसऱ्या हातात देवाचा हात, आणि मागच्या फळीवरची मूर्ती अजून हलतेय असं मला वाटत होतं, खरं तर मीच हलत होते. पेणच्या त्या कारखान्यात पलीकडे सात-आठ माणसं खाली मान घालून रंग मारत होती, एकानं जरी वर बघितलं असतं तर माझं संपलंच होतं. आणि मूर्तीच्या गळ्यात दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर नाव कुणाचं, तर माझ्याच सासऱ्यांचं.

आखणीवाली खिडकीपाशी बसलेली होती. तिनं बघितलं. ओरडली नाय, कपाळाला हात लावला नाय. ब्रश पाण्याच्या डब्यात ठेवला, बोटं फडक्याला पुसली, उठून आली, चिठ्ठी सोडवून कमरेला खोचली आणि मला म्हणाली, "आधी तुझा फोटो काड. या आठवड्याचा शब्द राह्यलाय तुझा."

अशी बाई. तुमच्याही ओळखीत असेल एखादी, घर पेटलं तरी आधी चप्पल घालून मग बाहेर येणारी.

तिला नाव होतं, पण कारखान्यात कुणी घ्यायचं नाय. ती गणपतीचे डोळे काढायची, त्याला आखणी म्हणतात, म्हणून ती आखणीवाली. बाकी सगळं काम पोरं करतात, साचा भरतात, घासतात, अंगाला रंग मारतात. डोळे मात्र एकाच माणसाकडे. ती मूर्तीसमोर पाट घेऊन बसायची, ब्रश उचलायची आणि श्वास सोडायची. घ्यायची नाय, सोडायची. सगळा श्वास सोडून झाला की एक रेघ. मग परत श्वास. मी विचारलं होतं एकदा, असं का. म्हणाली, "भरल्या छातीनं रेघ वाकडी येते गो. रिकामं व्हायचं, मग काडायची."

मी तिथं घासायला होते. माझं माहेर वडखळच्या अलीकडं, खाडीच्या कडेला. बाबा मिठागरावर. नववीत शाळा सुटली, ती सुटलीच. मग आईनं कारखान्यात पाठवलं, पॉलिश पेपरनं मूर्तीचा खरखरीतपणा घासायचा, बोटांच्या फटीतनं, सोंडेच्या वळणातनं. मी पहिल्यापासून भित्री. मालक नुसता खाकरला तरी माझ्या हातातला पेपर पडायचा. तिनं मला तिच्या खिडकीजवळ बसवून घेतलं. म्हणाली, घाबरायचं तेवढं घाबर, मी नको म्हणत नाय, पन हात हलू देव नको, हाताला काय कलतंय तू घाबरलीस ते. मी सहा महिने तेच शिकले. शाळेत नऊ वर्षांत तेवढं शिकले नव्हते.

मग माझं लग्न झालं, निडी गावाजवळ दिली मला. नवरा रोह्याला कंपनीत, शिफ्ट बदलत राहते. घरात सासू, सासरे, भात आणि वालाची शेती. पोर झाली. मी आखणीवालीला फोन करायचे, ती उचलायची, पण बोलायला काय, जेवलीस का, जेवले, पोर झोपली का, झोपली. चार-पाच वेळा असं झालं आणि मग ती म्हणाली, हे बोलनं काय कामाचं नाय. मी दर सोमवारी एक शब्द पाठवीन. तू पन फोटो काडायचा, मी पन काडायचा. रविवारी दोघींनी पाठवायचा. एकच. दहा काडून त्यातला एक नाय, काडायचाच एक.

पहिला शब्द 'पाठ'. मी तीन दिवस फोन घेऊन फिरत होते आणि मला काय सुचेना, आणि शनिवारी सासूबाई अंगणात वाकून वाल गोळा करत होत्या, पोलक्याचा हूक तुटलेला, तिथं सेफ्टी पिन लावलेली. मी मागून काढला. तिनं पाठवला एका मूर्तीचा, मागून, न रंगवलेली, साच्याची रेघ सरळ पाठीतनं खाली गेलेली. दोन्ही फोटो मी एकाखाली एक बघितले. सासूबाईंचा मला तोवर धाकच वाटायचा. त्या दिवशी मी त्यांच्या पोलक्याला हूक लावून दिला.

एकदा 'आवाज' आला. आता आवाजाचा फोटो कसा काढणार. मी पोरीचा रडतानाचा काढला, तोंड एवढं उघडं, पडजीभ दिसतेय. तिनं काय पाठवलं, तर नुसती भिंत. भिंतीवर एक खिळा आणि त्याच्याखाली चौकोनी पांढरी जागा, बाकी भिंत काळी. मला कळेना. मग तिनं सांगितलं, तिथं रेडिओ होता, नवरा लावायचा, नवरा गेला, रेडिओ पण बंद पडला, विकला. जागा राहिली. ती हे भाव विचारल्यासारखं बोलली. मी मात्र मोरीत जाऊन तोंड धुवून आले.

आमच्या घरात याची चेष्टा व्हायची. सासूबाई म्हणायच्या, लोक लेकराचे, लग्नाचे फोटो काढतात, आमची सून बादलीचा काढते. नवरा विचारायचा, या आठवड्याला काय हाय गो, मला घेतेस का फोटोत. शब्द 'वाकडं' होता तेव्हा तर रोज विचारलं. पण सासूबाईंना ते पेणचं सारखं येणं-जाणं पटत नव्हतं. पोरीला घेऊन त्या रंगाच्या वासात कशाला जायचं, एवढंच त्यांचं. त्यात चूक काय नव्हतं. तरी मीच त्यांना सांगून सांगून गणपती पेणला त्याच कारखान्यात सांगायला लावला. म्हटलं, आखणी बघा तुम्ही. डोळे बघा.

फोटोचा तिचा एक नियम होता, देवाचा काढायचा नाय. पण डोळे काढायच्या आधी तिच्या लेखी तो देव नव्हताच. ती माती. पडली, तुटली, चिकटवा, कुणी काय म्हणणार नाय, सगळ्या कारखान्यात चालतं. डोळे काढले की मग तो बघतो. मग त्याच्या अंगाला तुटफूट झाली तर जोडायची नाय, बाजूला ठेवायची, विसर्जनाच्या दिवशी पाण्यात सोडायची. तिचा हा नियम मालक पण मानायचा.

त्या आठवड्याचा शब्द होता 'गर्दी'. पोरीला डोस द्यायला मी माहेरी आले होते, परत जाताना कारखान्यात शिरले. मालकानं पाटीच लावली होती, लहान पोरं आत आणू नयेत, आणि मी आणली. भिंतीला लागून बिनडोळ्यांच्या मूर्ती, पन्नास तरी असतील, सगळ्या माझ्याकडे तोंड करून आणि कुणीच बघत नाय. म्हटलं, हीच गर्दी. सगळ्या मावेनात म्हणून एक पाऊल मागं गेले, आणखी एक गेले. डोळे काढून झालेले सगळे माझ्या मागं होते, हे मला ठाऊक होतं, आणि तरी गेले. पोरीनं पाय झाडला की माझं कोपर लागलं, ते अजून मला सांगता यायचं नाय.

तर मी फोटो काढला. तिनं काढ म्हटलं म्हणून काढला. मग तिनं तुटका हात घेतला, मूर्ती उचलून खिडकीशी नेली आणि तिच्यासमोर बसली. त्याच मापाची, पाटावर बसलेली, आमच्या घरात वर्षानुवर्षं बसते तशी दुसरी मूर्ती शिल्लक नव्हती, ते आम्हा दोघींना माहीत होतं. आठ दिवसांवर चतुर्थी. मी रडायला लागले. तिनं पांढरा रंग घेतला. मूर्तीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "जरा मीट डोले बाबा. पोर घाबरलीय."

आणि तिनं डोळे पुसले. सकाळी स्वतः काढलेले डोळे, एकेका पापणीचा केस काढलेला, त्यावरनं पांढरा हात फिरवला. आता परत माती, म्हणाली. आता जोडू. बारीक तार घातली, वर लेप दिला, तो सुकेपर्यंत माझ्या पोरीला भाताची पेज भरवली, आणि मग पॉलिश पेपर माझ्या हातात दिला. मी घासलं. दोन वर्षांनी घासत होते. सांधा बोटाला लागेनासा झाला तेव्हाच तिनं थांबवलं. वर सोनेरी कडं काढलं. डोळे दुसऱ्या दिवशी दुपारी काढले, ते मी बघायला नव्हते.

मालकापासून मात्र तिनं लपवलं नाय. आपल्या हातून पडला, असं सांगितलं, आपण पुसून परत केला. मला म्हणाली, तुला सासर हाय, मला एक पाट न् एक खिडकी. तू तोंड उघडायचं नाय, कधीच नाय. मी नाय उघडलं.

गणपती घरी आला. सासऱ्यांनी रुमाल काढला आणि सासूबाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, औंदा डोळे बघ, कसा थेट आपल्याकडे बघतो. कडं पण जास्तीचं दिलंय. मी तबक धरून उभी, त्या कड्याकडे बघायचं टाळत. दुसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला. मी गोठ्याच्या मागं जाऊन तिला फोन केला, म्हटलं, ताई, कोपला. ती शांतपणे म्हणाली, ताप पोरीला हाय, डॉक्टरला दाखव, देवाला कशाला इचारतेस. दाखवला. दोन दिवसांत उतरला.

दिवाळीनंतर मालकानं तिला, हातून देव पडला या कारणानं, पुढच्या वर्षी येऊ नको म्हणून सांगितलं. ती सुरतेला गेली, बहिणीकडे, तिथं पण गणपतीचे कारखाने हायत. सोमवारचा शब्द येतो, फोटो येतो. गेल्या महिन्यात 'नवीन' शब्द होता आणि तिनं मूर्तीच्या शेल्याच्या काठाचा फोटो पाठवला, जरीचे ठिपके. मी विचारलं, डोळ्याचं काम नाय का. मग म्हणाली, पेणचं कुणी इकडं बोललं, माझी नजर गेली म्हणून. म्हणून नुसते काठ रंगवायला देतात. काठ पन चांगलेच काडते मी.

आणि चार दिवसांपूर्वी आम्ही ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसलो होतो, मी, सासूबाई आणि शेजारच्या दोघी. सासरे पेणला गणपती सांगून आले होते, तिथनं ऐकून आलेलं सासूबाई सांगत होत्या. ती आखणीवाली कारखाना सोडून गेली म्हणे. नजर अधू झाली, देव पाडला तिनं, कुणाचा तरी नवस असेल, कुणाला तरी भोवलं असेल. शेजारीण म्हणाली, वय झालं की माणसानं आपणहून उठावं. सगळ्या हसल्या. माझी पोर सालांशी खेळत होती.

मी वाल ताटात ठेवला. म्हटलं, "आई, तिची नजर धड हाय. देव तिनं पाडला नाय, मी पाडला. आपलाच होता तो."

मी थांबले नाय, थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. सगळं सांगितलं, पाटी लावलेली असून पोरीला आत नेलं ते, डोळे पुसले ते, मी स्वतः घासलं ते, कडं कशाला काढलं ते. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता, पण चांगला मोठा होता. सासूबाईंनी विचारलं, म्हणजे दहा दिवस मी त्याच्यापुढं हात जोडले, ते तुला ठाऊक होतं. मी हो म्हटलं. त्या उठल्या, आत गेल्या. शेजारणी वाल तसेच टाकून गेल्या, सांजेपर्यंत अर्ध्या गावाला कळलं. नवरा म्हणाला, बोलायचं होतं तर मला आधी सांगायचं. सासरे म्हणाले, मालकाला मी जाऊन सांगतो, पण आधी तुझ्या सासूला बोलू दे. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोललेल्या नाय. माझ्या हातचं जेवतात, बोलत नाय.

आखणीवालीला मी कळवलं. तिचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला. म्हणाली, "तुला कुणी सांगितलं व्हतं गो? माझं नाव मी सांभालीन. तुझं घर कोन सांभालनार?" आणि फोन ठेवला.

मी काय चुकीचं केलं असं मला वाटत नाय. भीती वाटतेय, ती वाटू दे. पण तुम्ही सांगा. तुमच्यासाठी जिनं आपली जागा सोडली, तिला तुमच्या ओटीवर बसून कुणी आंधळी म्हटलं असतं, आणि गप्प राहा म्हणून तिनंच तुम्हाला बजावलेलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?