एक्केचाळीस सह्यांचा ठराव

आरिफ सरांचं नाव निघालं की मले आधी राग येतो, मग रडू. राग काऊन, ते आधी सांगते.

मी भागीरथा, कॉलेजच्या ऑफिसातली टायपिस्ट. गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाच्या तोंडावर आमचं कॉलेज. पार भामरागडकडची पोरं होस्टेलात राहून शिकत. आरिफ सर राज्यशास्त्र शिकवायचे. मूल गावच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या बाबूभाईंचा हा पोरगा विद्यापीठात दुसरा आलेला, आणि आमच्या इथी नऊ वर्षं तासिकेवर! म्हणजे दर जूनमध्ये नवीन ऑर्डर. निघाली तर मास्तर, नाई तर घरी. ती ऑर्डर मीच टाइप करायची. सर दारातूनच विचारायचे, "भागीरथाबाई, यंदा आहे का नाई मी?" मी म्हणायची, "आहात बाप्पा, चहा पाजा आता."

वर्गात त्यांची एक खोड होती. कोणत्याच पोराले ते 'चूक' म्हणत नसत. "तुले असं काऊन वाटते?" एवढंच विचारत, आणि उत्तर येईपर्यंत उभे राहत. पहिल्या वर्षी मान वर न करणारी पोरं दुसऱ्या वर्षी सरांशीच भांडायची. दीपिका पुंगाटी त्यातलीच. भामरागडच्या पलीकडची, तिच्या गावातून कॉलेजात आलेली पहिली पोरगी.

२००३ चा मार्च. अमेरिका इराकमध्ये घुसली होती. सरांनी वादविवाद ठेवला, हे युद्ध बरोबर की चूक. मी म्हटलं, "सर, तुमच्या नावाच्या माणसानं हा विषय कशाले घ्यावा? लोक काय म्हणतील?"

"म्हणूनच चिठ्ठ्या टाकतो, बाई. मी एक शब्द बोलणार नाई."

आणि खरंच नाई बोलले. चिठ्ठीत पवन नावाच्या पोराले अमेरिकेची बाजू आली, दीपिकेले विरोधाची. पवनही काही कमी नव्हता. सद्दामनं आपल्याच माणसांले गॅसनं मारलं, त्याले हटवणार कोण, असं त्यानं ठणकावून विचारलं. मग दीपिका उठली ते सरळ नकाशापाशी गेली. इराकच्या दोन नद्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "ह्या नद्यांच्या मधात माणसं राहतात. आम्हीही नद्यांच्या मधातच राहतो. बंदूक घेऊन येणारा हरेक जण म्हणते, तुमच्या भल्यासाठी आलो. आमच्याकडे तर दोन्ही बाजूंचे तेच म्हणतात."  दोन्ही बाजूंचे म्हणजे पोलीसही आणि जंगलातले नक्षलवादीही; मी उठून हॉलचं दार लोटलं.

तिथी थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण दीपिका म्हणाली, "सर, आमच्या गावात बोलणं झालं की ठराव लिहितात. सारे नाव-गाव टाकून सही करतात आणि कागद तहसीलात देतात. नाईतर ते बोलणं फुकट."

सरांनी नाई म्हणायले पाहिजे होतं. शिकलेला माणूस, या जिल्ह्यात नऊ वर्षं काढलेला! इथी नाव-गाव लिहून देणं म्हणजे काय, हे त्यांले कळत नव्हतं का? पण पोरांले नाई म्हणणं त्यांच्या जिभेलेच माहीत नव्हतं. माझा राग आहे तो हाच. 'युद्ध थांबवावे' या एका ओळीखाली एक्केचाळीस सह्या झाल्या, पवनचीसुद्धा. एक प्रत नोटीस बोर्डावर लागली. दुसरी दीपिका स्वतः तहसीलात देऊन आली आणि पोचेचा शिक्का मले दाखवून गेली. काय हरखली होती पोरगी!

नवव्या दिवशी पोलिसांची जीप आली. त्याच महिन्यात दलमवाल्यांनी, म्हणजे नक्षलवाद्यांनी, झाडांवर पत्रकं बांधली होती, अमेरिकेच्याच विरोधात. जीपमधल्या पोलीस साहेबांनी प्राचार्यांच्या टेबलावर एकीकडे पत्रक ठेवलं, दुसरीकडे आमचा ठराव. नावं, गावं, सह्या, सारं आयतंच.

प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब गेल्यावर त्यांनी सरांले बसवलं. "आरिफ, हा कागद त्या पोरीनं बाहेरून आणला, असं लिहून दे. मग जूनची तुझी ऑर्डर काढणं माझ्याकडे लागलं. नाईतर सारं स्वतःवर घे. पण नुसतं 'मी केलं' म्हणून भागणार नाई. पोरांले काही कळतच नव्हतं, असं पाहिजे. तरच नावं सुटतील."

सर माझ्या टेबलापाशी आले आणि उभ्यानंच सांगू लागले. "सह्या करणारे विद्यार्थी दुर्गम भागातील असून त्यांना विषयाची समज नाही. इराक कोठे आहे हेही ते सांगू शकणार नाहीत. मी सांगितले तेथे त्यांनी सह्या केल्या."

माझी बोटं थांबली. "सर, हे धडधडीत खोटं आहे."

"माहीत आहे. टाइप करा, बाई."

ठराव बोर्डावर लागला होता, म्हणून हेही पत्र बोर्डावर लावलं. दीपिकेनं ते उभं राहून वाचलं. मग ऑफिसात आली. सर ग्रंथालयाची पुस्तकं माझ्याकडे जमा करत होते.

"सर, मले तर माहीत होतं इराक कुठी आहे ते."

"हो बेटा."

"मग असं काऊन लिहिलं?"

'काऊन' विचारायले तिले त्यांनीच शिकवलं होतं. पुस्तकं टेबलावर ठेवून ते निघून गेले.

नावं सुटली का? कशाची सुटतात! दीपिकेच्या बापाले, दसरूले, चार दिवस ठाण्यात बसवलं. होस्टेलातली अकरा पोरं भेवानं परीक्षेले बसलीच नाई. जूनमध्ये सरांची ऑर्डर निघाली नाई. मूलच्या बाजारात मले एकदा दिसले, बांगड्यांच्या पेटीमागे बसलेले. मी हाक मारली नाई. 

जुलैत दीपिका दाखला न्यायले आली. खिडकीत उभी, खाली मान. फॉर्मात कॉलेज सोडण्याचं कारण लिहायले लागते.

"काय लिहू गं?" मी विचारलं.

"लिहा ना, बाई. समज नाई म्हणून."

मी 'घरगुती अडचण' लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला.