तिसऱ्या जीपचा पत्रा

१९७२ च्या उन्हाळ्यात माझी बदली नगरच्या छावणीत झाली. मी हवालदार मेकॅनिक. माझ्या ताब्यात तीन जीप. फायरिंग रेंज चौदा मैलांवर. त्यातले शेवटचे चार मैल रस्ताच नव्हता. नुसता माळ आणि जमिनीतून डोकं काढलेले काळे दगड.

पहिल्याच आठवड्यात अशा एका दगडानं जीपचा इंजिनाखालचा ऑइल चेंबर फोडला. मेजर साहेबांनी बोलावलं.

"हवालदार, तिन्ही गाड्यांना खालून पत्रे लावा. जे आहे त्यातून. सोमवारी फायरिंग आहे."

"येस सर."

भंगारात तीन वस्तू सापडल्या. जुन्या ड्रमचा पत्रा, ॲल्युमिनियमची शीट आणि तीन मिलिमीटरची लोखंडी प्लेट. प्रत्येकाचा तुकडा दोन दगडांवर आडवा ठेवून घण मारला. ड्रमचा पत्रा पहिल्या घावात खाली टेकला. ॲल्युमिनियम दुसऱ्या घावाला फाटलं. लोखंडाला नुसता पोचा आला.

लोखंड दोनच गाड्यांना पुरलं. कडा दुमडून ते ताठ केलं, दगडात रुतू नये म्हणून पुढचं टोक वर वळवलं, ऑइल काढायला भोक ठेवलं आणि बोल्ट चासीला मारले. तिसऱ्या जीपला मी ॲल्युमिनियम दुहेरी करून लावलं.

त्या जीपचा ड्रायव्हर लान्स नाईक किसन, सुप्याचा. तो खाली वाकून बघत म्हणाला, "उस्ताद, हे टिकायचं न्हाई. त्यापरीस उघडी ऱ्हाऊ द्या, म्हंजी माळावर धाडनार न्हाईत. दोन दिस थांबा, लोखंड मिळंल."

"काहीच नसण्यापेक्षा बरं. ऑर्डर तीन गाड्यांची आहे."

त्यानं गाडीखाली जाऊन बोल्ट पुन्हा आवळले.

बुधवारी सकाळी १०.४० ला रेंजवर न फुटलेला एक गोळा अचानक फुटला. शिपाई दत्तूच्या मांडीत तुकडा घुसला. दत्तू तिसगावजवळचा, माझ्याच भागातला. जवळ किसनचीच जीप होती. नर्सिंग असिस्टंट शंकर जखमीजवळ मागे बसला, आणि ते निघाले.

१०.५५ ला वर्कशॉपच्या वायरलेसवर किसनचा आवाज आला.

"पत्रा फाटला. चेंबर फुटला. ऑइल प्रेशर झिरो. इंजिन बंद करू का? ओव्हर."

"सडक किती लांब?"

"दीड मैल."

"बंद करू नको. जाम होईपर्यंत चालव. मी दुसरी जीप घेऊन येतो. ओव्हर."

"रॉजर."

मी स्वतः गाडी काढली. ११.२० ला सडकेवर पोचलो. इंजिन दोन फर्लांग अलीकडेच जाम झालं होतं. किसन आणि शंकर स्ट्रेचर खांद्यावर घेऊन ऊन तुडवत येत होते. दत्तू शुद्धीवर होता. त्यानं पाणी मागितलं. शंकरनं त्याचे ओठ ओले केले.

११.४५ ला हॉस्पिटल गाठलं. १२.१० ला दत्तू गेला.

डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेलं होतं. मी विचारलं, लवकर आणला असता तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. किसननं पत्र्याचा विषय पुन्हा कधीही काढला नाही.

पुढच्या महिन्यात रजेवर गेलो, तेव्हा दत्तूच्या वडिलांना भेटलो. ते ज्वारीची पेंढी सोडत होते. मी उभ्यानंच सांगितलं.

"काका, त्या गाडीचा पत्रा मी निवडला हुता. ड्रायव्हर नको म्हनत हुता."

त्यांनी पेंढी खाली ठेवली आणि विचारलं, "त्यो एकला हुता का?"

"न्हाई. शंकरनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं हुतं. किसननं खांद्यावरनं आनला. शेवटाला मी हुतो."

"तिघांची नावं परत सांगा. त्याच्या आईला सांगाया पायजेत."

मी सांगितली. त्यांनी ती बोटांवर मोजत म्हणून पाहिली. शंकर, किसन आणि मी. माझं नाव त्यांनी वेगळं काढलं नाही.

शिपाई दत्तू बावीस वर्षांचा होता. कुणी विचारलं की मी हे सगळं असंच सांगतो. पत्रा ॲल्युमिनियमचा होता, हेही सांगतो.